आठ आणे, पण कोणाच्या खिशातून?

साल १९२२, परळ. गिरणीचा भोंगा होऊन गेला आहे, त्यामुळे चाळीत आता म्हाताऱ्या, दुखणाईत आणि तान्ही पोरं एवढीच शिल्लक आहेत. तुमच्या काखेत जाड पुठ्ठ्याची वही आहे. पुढे डॉ. बार्न्स चालल्या आहेत. गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं कशी होतात याची पाहणी करायला मुंबई सरकारने या बाईंना नेमलं आहे. त्या विचारतील त्याचं मराठी करायचं आणि मिळेल ते उत्तर वहीत उतरवायचं, एवढंच तुमचं काम. या प्रवासात दर मुक्कामी तुमच्या वाट्याला लिहिणाऱ्याचंच काम येणार आहे. जागा तशी सोयीची असते. लिहिणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि त्याचं मत कोणी विचारत नाही.

जिना चढताना भिंतीला टेकू नका, ओल अंगावर उतरते. दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताची तिसरी खोली. आत तीन चुली आहेत. तीन चुली म्हणजे तीन बिऱ्हाडं, हे तुम्हाला आतापर्यंत पाठ झालंय. खिडकी मागच्या गल्लीवर उघडते आणि गल्लीतून काय वास येतो हे कळल्यावर ती कायम बंद का असते तेही कळतं. कोपऱ्यात गोधडीवर चारेक महिन्यांचं पोर झोपलंय. दिवसाढवळ्या, एवढ्या गलक्यात, गाढ. बाई वाकून त्याची पापणी वर करतात आणि तुमच्याकडे बघतात. विचारा.

"आजी, काय दिलंय याला?"

"काय न्हाई. बाळगोळी."

आजी लपवत नाहीत. पदराची गाठ सोडून काळपट, राईएवढी गोळी तळहातावर ठेवतात. अफूची. सकाळी कामावर निघताना आईने एक दिलीय, दुपारी आजी एक देतील. त्यांना स्वतःला नीट दिसत नाही आणि दुसऱ्या दोन बिऱ्हाडांची पोरंही त्यांच्याच भरवशावर आहेत. रडणारी तीन पोरं एका म्हातारीने दहा तास कशी सांभाळायची, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा, नसेल तर रकान्यात 'होय' लिहा. पाहणी संपल्यावर अहवालात आकडा येईल : गिरणीकामगार बायकांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती.

तुमच्या वहीच्या मागच्या पानात महापालिकेच्या आरोग्य खात्याचे १९२१ चे आकडे आहेत. मुंबईत त्या वर्षी दर हजार जन्मांमागे ६६६ बाळं वर्षाच्या आत गेली. हा आकडा फुगलेला आहे, हे सांगायला हवं. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जातात, जन्म तिथे होतो, पोर घेऊन मुंबईला येतात आणि मृत्यू तेवढा मुंबईच्या खात्यावर पडतो. पण त्याच कागदावर खोल्यांप्रमाणे फोड केलेली आहे, ती वाचा. एका खोलीत राहणाऱ्यांची बाळं हजारी ८२८ गेली. दोन खोल्यांत ३२१. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्या असणाऱ्यांत १३३. आकडा कितीही फुगलेला धरला, तरी शहर एक, पाऊस एक, हवा एक आणि मरणाचा दर भिंतींच्या हिशेबाने बदलतोय. आरोग्यातली विषमता म्हणजे काय, असं पुढे कोणी परिसंवादात विचारलं तर चार व्याख्या ऐकण्याआधी हे चार आकडे आठवा.

दुपारच्या सुटीत तुम्ही गिरणीत जाता. बायका बहुतेक वायंडिंग आणि रिळांच्या खात्यात. हवेत कापसाचे तंतू इतके की पेन्सिलीचं टोक वहीवर टेकवायच्या आत कागदावर पांढरी लव बसते. आठवा महिना लागलेली एक बाई भाकरी सोडून बसली आहे. सातारकडची. बाजूला नाईकीण उभी. बायकांना कामावर घेणारी, काढणारी, आणि दोन्हींची दस्तुरी खाणारी.

"सुटी कधी घेणार?" बाई विचारतात, तुम्ही मराठी करता.

"कळा आल्या की."

"आधी का नाही?"

ती तुमच्याकडे बघते, डॉक्टरीणबाईंकडे नाही. मराठी बोलणाऱ्याला तरी एवढं समजायला हवं, असं त्या बघण्यात आहे. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. वाण्याची उधारी आहे, पठाणाचं व्याज आहे. बाळंत होऊन परत आली की जागा मिळेल याची खात्री नाही आणि मिळाली तर नाईकिणीला काहीतरी टेकवावं लागेल. हे सगळं ती सांगत नाही, कारण नाईकीण शेजारीच आहे. तुम्ही ते वहीत कुठे लिहिणार? रकाना 'प्रसूतीपूर्वी विश्रांती : दिवस' असा आहे. तुम्ही शून्य लिहिता.

ही पाहणी मुळात का निघाली, तर तीन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानातल्या कामगारांच्या वतीने तिथे नारायण मल्हार जोशी गेले होते. तिथे ठराव झाला की कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर सहा-सहा आठवडे सुटी मिळावी आणि त्या काळात तिच्या पोटापुरते पैसे मिळावेत. हे पैसे कुठून यावेत तेही त्यात लिहिलं होतं : सरकारी तिजोरीतून, नाहीतर विम्यातून. मालकाच्या खिशातून असं लिहिलेलं नव्हतं. हे वाक्य ध्यानात असू द्या. पुढच्या शंभर वर्षांची भानगड त्यातच आहे. हिंदुस्थान सरकारने ठराव स्वीकारला नाही, आधी चौकशी करतो म्हणाले. १९२४ मध्ये जोशींनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं, तेही पडलं. सोशल सर्व्हिस लीगची रात्रशाळा असो की विधिमंडळ, हा माणूस सारख्याच चिकाटीने तेच ते बोलत राहिला. आपल्याकडे पुतळे चिकाटीचे होत नाहीत, म्हणून जोशींचं नाव आज लोअर परळच्या एका रस्त्यापुरतं उरलंय.

आता पुढे चला. २८ जुलै १९२८, पुणे. मुंबई इलाख्याचं विधिमंडळ पावसाळ्यात इथे बसतं. तुम्ही लघुलेखक आहात, सदस्यांच्या खाली मांडलेल्या टेबलाशी. छत्र्यांचं पाणी दाराशी साचलंय, पण आत इस्त्रीच्या कपड्यांचा आणि चिरुटांचा वास. तिकडे मुंबईत गिरण्या बंद आहेत. एप्रिलपासून संप चालू आहे, भोंगा वाजायचा थांबलाय, आणि गिरणीतल्या बायकांसाठी पहिल्यांदा कायदा करायची गोष्ट अशा वेळी सभागृहात निघाली आहे की त्या बायकांना या महिन्यात मजुरीचा एक पैसा मिळालेला नाही. वेळ कोणी मुद्दाम साधलेली नाही. इतिहासात बऱ्याच गोष्टी अशाच गचाळपणे एकमेकींवर येऊन आदळतात.

विधेयक आसवले नावाच्या सदस्यांचं आहे. सरकारी बाजू नाखूश. आणि मग एक नामनियुक्त सदस्य उभे राहतात. वय सदतीस. बॅरिस्टर. राहतात परळच्या बीआयटी चाळीत. तीन चुलींच्या खोलीबद्दल त्यांना कोणाच्या वहीतून वाचावं लागलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्येच, त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही लेकरं गेली होती. भीमराव आंबेडकर सभागृहात यातलं काही बोलत नाहीत. तुम्ही लेखणी सरसावून बसता, तर समोरून वकिली मुद्दे यायला लागतात.

पहिला मुद्दा : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि लोकांच्या कल्याणाची काळजी घेणं हे सरकारचं काम असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलायला हवा. ज्या देशांत ही सोय झाली तिथे सरकारने काही ना काही भार घेतलेला आहे. दुसरा मुद्दा लगेच त्याला जोडून : म्हणून मालक सुटला असं मात्र नाही. मालक बाईला कामावर ठेवतो ते दयेने ठेवत नाही. पुरुषापेक्षा तिला ठेवण्यात त्याचा जास्त फायदा असतो म्हणून ठेवतो. फायदा घेणाऱ्याने थोडा खर्चही घ्यावा.

तुम्ही उतरवून घेता. बाकांवर कोणी जांभई देतं, कोणी कागद चाळतं. पण हे दोन मुद्दे ज्या क्रमाने आले तो क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी सरकार, मग मालक. समोरच्या विधेयकात मात्र सरकार कुठेच नाही, सगळा भार मालकावर आहे. आंबेडकरांना ते दिसतंय. तरीही ते पाठिंबा देतात. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? अर्धवट कायदा नको म्हणून परत पाठवला असता, तर संप संपल्यावर परळची ती बाई पुन्हा कळा येईपर्यंत रिळाशी उभी राहिली असती. सुधारणेच्या बाजूने भांडणाऱ्यांना हा पेच दर पिढीत पडतो. मला विचाराल तर त्यांनी केलं ते बरोबर केलं, आणि त्याची किंमतही पुढे मोजावी लागली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

१९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला. बाळंतीण बाईला काही आठवडे रोजचे आठ आणे. सहा महिने त्या गिरणीत काम केलेलं असलं पाहिजे, पैसे गिरणीने द्यायचे. लगोलग मध्य प्रांताने तसाच कायदा केला, काही वर्षांनी मद्रासने. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने मुंबईच्या कायद्याचा कित्ता इतरांनी गिरवावा असं म्हटलं. इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.

पण चला, भोंगा पुन्हा सुरू झालाय. साधारण १९४०, परळच्याच एका गिरणीचं हजेरीखातं. तुम्ही कारकून आहात. लाकडी जाळीमागे बसता, समोर मस्टर. पगाराच्या दिवशी जाळीबाहेर रांग लागते आणि त्या रांगेत लुगडी कमी झालेली तुम्हाला दिसतात. तुमच्या टेबलाच्या खणात एक वेगळी यादी आहे. तिच्यावर मथळा नाही. कोणत्या बाईचे सहा महिने, आता नव्या दुरुस्तीप्रमाणे नऊ महिने, कधी भरतात त्याची ती यादी. भरायच्या आधी नाव कमी करायचं. दोन आठवड्यांनी नवीन म्हणून पुन्हा घ्यायचं.

नाईकीण अजून आहे. तिची नजर आता बायकांच्या चेहऱ्यावर नसते, पोटावर असते. कोणाला उलटी झाली, कोण चिंच मागतेय, कोणाचं लुगडं वर नेसलेलं दिसतंय, हे ती साहेबाच्या कानावर घालते. साहेब तुम्हाला सांगतो आणि तुम्ही लाल शाईने रेघ ओढता. कोणाला वाईट वाटत नाही असं नाही. तुमच्या शेजारचा म्हातारा कारकून रेघ ओढताना पुटपुटतो, "आठ आण्यांपायी गेली बिचारी." पुन्हा नव्या बायका घ्यायच्या झाल्या तर विधवा बघा, वय उलटलेल्या बघा, लग्न न झालेल्या बघा, असा तोंडी हुकूम.

हे माझ्या मनचं नाही. रेगे समितीने १९४० च्या दशकात देशभरच्या कामगारांची पाहणी केली, तिच्यात हे नोंदलेलं आहे : गरोदरपणाची चाहूल लागताच काढून टाकणं, आणि मूल होण्याची शक्यता नसलेल्या बायकांना पसंती देणं. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात पाच कामगारांत एक बाई होती. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्यांचा वाटा घसरत घसरत फारच थोडा उरला. सगळं खापर बाळंतपणाच्या कायद्यावर फोडणं चुकीचं ठरेल. यंत्रं बदलली, एका हाताला दोघांचं काम द्यायची टूम निघाली, रात्रपाळीला बायका चालत नाहीत असं कायदाच म्हणत होता. पण मालकाच्या हिशेबात बाई आणि पुरुष शेजारी शेजारी उभे केले की बाईच्या नावापुढे एक जादा रक्कम दिसायची, आणि ती रक्कम तिच्या पोटाशी बांधलेली होती. कायदा करणाऱ्यांचा हेतू तिला विश्रांती द्यायचा होता. ती काहींना कायमची मिळाली.

वॉशिंग्टनचं ते वाक्य आता आठवा. तिजोरीतून, नाहीतर विम्यातून. विम्यात बाई असो की पुरुष, प्रत्येक डोक्यामागे वर्गणी भरली जाते. मग बाईला काढून मालकाचा छदामही वाचत नाही. आरोग्य धोरणात पैसा किती यावर आपण तावातावाने भांडतो, आणि तो कशावर मोजून गोळा करायचा हा प्रश्न कारकुनांवर सोडून देतो. खरा न्याय किंवा अन्याय बहुधा त्या दुसऱ्या कागदावर ठरतो.

मधली वर्षं भरभर बघू. १९४४ मध्ये प्राध्यापक अडारकर कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल देतात. त्या वेळी दिल्लीत मजूरमंत्री कोण, तर डॉ. आंबेडकर. १९२८ चा पहिला मुद्दा विसरलेला नाही. १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा होतो, १९५४ मध्ये मुंबईत योजना सुरू होते. योजना चांगली. गिरणीत बायका किती उरल्या ते मात्र वर सांगितलंच. १९६१ मध्ये देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा, जिथे विमा नाही तिथे पुन्हा मालकाच्या खिशातून. २०१७ मध्ये सुटी बारा आठवड्यांवरून सव्वीस होते. तेव्हाच्या एका कचेरीत तुम्ही मुलाखतीच्या टिपा घ्यायला बसलात तर उमेदवार मुलीला विचारलेला प्रश्न तुम्हाला ओळखीचा वाटेल : लग्न झालंय का? नाईकीण इंग्रजी बोलायला लागली आहे, एवढाच फरक.

आता लांबचा मुक्काम. साल २०१९, बीड जिल्हा, वडवणीच्या अलीकडचं एक गाव. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, माणसं घरी आली आहेत. तुम्ही आशा सेविका आहात. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत छापील अर्जांचा गठ्ठा. सरकारने समिती नेमली आहे, विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष. ऊसतोड करणाऱ्या किती बायकांची गर्भाशयं काढली गेली आहेत ते मोजायचं आहे.

पत्र्याच्या सावलीत एक बाई बसली आहे. तिशीच्या अलीकडची. तुम्हाला पाणी देते आणि समोर बसते.

"पिशवी काढली का?"

"काढली की. तीन वर्षं झाली."

"कामून काढली?"

"अंगावरून जायचं, पोट दुखायचं. डॉक्टर म्हनला, ठेवली तर कॅन्सर होईल. काढून टाकली का कटकट मिटली." जरा थांबून ती पुढे सांगते, "अन् ताई, खाडा परवडत न्हाई."

खाडा. अर्जात या शब्दासाठी रकाना नाही. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड गाडीत घालून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जायचं, कोपी बांधून राहायचं. पहाटे अंधारात फडात जायचं, नवऱ्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. पाळी आली तरी तेच कापड, तेच पाणी. एक दिवस दोघांतलं एक जण पडलं की खाडा, आणि खाड्याचे पाचशे रुपये उचलीतून कापले जातात. शरीर महिन्यातून चार दिवस खाडा मागतं. म्हणून शरीराचा तो भागच काढून टाकायचा, हा हिशेब कोणा बाईने वेडेपणाने केलेला नाही. तिच्यापुढे जे आकडे ठेवले होते त्यात तो बरोबर बसतो.

तुमच्यासारख्यांनी भरलेले अर्ज एकत्र होतात तेव्हा आकडा येतो : ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१. बातम्या होतात, दिल्लीपर्यंत गाजतं. बीडमध्ये असं ऑपरेशन करायचं तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियम होतो. हे व्हायलाच हवं होतं. पण परवानगीने चाकू थांबतो, खाडा थांबत नाही.

अर्जावर खाली एक ओळ आहे : मालकाचे नाव. तुम्ही पेन टेकवता आणि अडता. तिला विचारता, ती मुकादमाचं नाव सांगते. मुकादम चौकात पानटपरीवर भेटतो. तो हसून म्हणतो, मी कुठला मालक, मीच कारखान्याकडून उचल घेतलीय. कारखान्याच्या दप्तरात तिचं नाव नाही. करार मुकादमाशी आहे, आणि मुकादमाच्या वहीत तिचा नवरा आहे. ती या तिन्ही कागदांत फक्त कोयत्याचा अर्धा भाग म्हणून आहे. सव्वीस आठवड्यांची पगारी सुटी देणारा कायदा तिच्यासाठी कोणाच्या दारात उभा राहणार?

इथे मालकाच्या खिशाची वाट संपते आणि १९२८ चा पहिला मुद्दा पुन्हा पुढे येतो. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ पासून गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये द्यायचं कबूल केलंय. प्रत्यक्षात २०१७ च्या केंद्राच्या योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार, तेही हप्त्यांनी. हे राज्यांनी मुकाट्याने सोसलंच पाहिजे असं नाही. तमिळनाडूने १९८७ पासून आपल्या तिजोरीतून मुथुलक्ष्मी रेड्डींच्या नावाची योजना चालवली आहे, आणि २०१८ पासून ती मदत वस्तू धरून अठरा हजारांवर नेली आहे. जे राज्य १९२९ मध्ये सगळ्यांच्या पुढे होतं त्याच्या विधिमंडळात हा आकडा कोणी वाचून दाखवतं का, हे मी बघत असतो. फारसं ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र पुढच्या काही वर्षांत घडली, तिची दखल घ्यायला हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं आणि त्यासाठी गाळल्या जाणाऱ्या उसाच्या दर टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच सरकारने घालायचं ठरलं. रक्कम थोडी वाटेल. पण ती कशावर मोजली आहे बघा. टनावर. बाई किती, गरोदर किती, कोणाची पाळी कधी, याच्याशी तिचा संबंध नाही. बाईला काढून कोणाचा एक रुपया वाचणार नाही. आणि भार दोघांवर आहे, सरकारवरही आणि फायदा घेणाऱ्यावरही. परळच्या हजेरीखात्यात तुम्ही लाल रेघा ओढल्यात, म्हणून तुम्हाला याचं मोल कळायला हवं. आता मागायचं ते एवढंच की या पैशातून बाळंतपणाचे महिने आणि पाळीचे दिवस भरून निघावेत, खाड्याची कापणी बेकायदा ठरावी, आणि फडात असताना तिला तिथल्या उपकेंद्रात नाव-गाव न विचारता तपासावं.

हे मागायचं कुठे? हिवाळी अधिवेशनात, नागपूरला. तुम्ही पेनचं टोपण लावता आणि सहज तिला विचारता, "डिसेंबरात मोर्चा काढायचा का नागपूरला? तू बोलशील तिथं?"

ती बोटांवर मोजायला लागते. डिसेंबरात ती कोल्हापूरकडे फडात असेल, तोड ऐन भरात.

"जायला एक दिस, यायला एक दिस, तिथं एक दिस. तीन खाडे झाले. माझे अन् कोयता मोडला म्हनून मालकाचेबी." मालक म्हणजे तिचा नवरा. "तीन हजार. ते कोन देनार, ताई?"